विमानाला पाठ दाखवणारे आप्पा

आप्पांनी कुठल्याच वस्तूचा भाव कधी तोंडाने सांगितला नाही. ते आधी समोरच्याचा हात हातात घेत, खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांवर टाकत आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबत. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. जनावरांच्या बाजारातल्या दलालांची ही जुनी रीत. तुमच्यापैकी कुणी बैल घेतले-विकले असतील तर तुम्हाला ती ठाऊक असेल. पण आप्पा ती सगळीकडे चालवत. न्हाव्याकडे दाढीला, भंगारवाल्याला रद्दी देताना, एकदा तर माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात आचाऱ्याशी. आचारी बाहेरगावचा. त्याला वाटलं, म्हातारा हात बघून भविष्य सांगतोय. त्याने दुसराही हात पुढे केला.

माझी त्यांची ओळख एका जुन्या कूलरवरून झाली. आम्ही त्या गल्लीत नवीन राहायला आलो होतो. परभणीचा उन्हाळा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. शेजारचा एकजण बदली झाली म्हणून कूलर विकत होता. मी त्याच्या दारात उभा राहून कपाळ पुसत म्हणालो, “फार उकडतंय हो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.” मग भाव विचारला. त्याने सांगितला, मी दिला. समोरच्या ओट्यावर बसलेला एक उंच, वाळका माणूस हे सगळं बघत होता. मी कूलर रिक्षात चढवायला लागलो तसा तो जवळ आला.

“नवीन हाव का?”

“हो.”

“दिसलंच. आधी घाम दाखविलाव, मंग भाव इचारलाव. गरज झाकून ठेवावी माणसानं. उघड्या गरजेला भाव लय लागतो.”

मी कृषी विद्यापीठात क्लार्क आहे हे कळल्यावर त्यांनी मला ‘बाबूसाहेब’ करून टाकलं. सकाळी भेटले की ते ‘शरणार्थ’ म्हणत, मी ‘जय भीम’ म्हणे, आणि मग दोघं मिळून नळाला पाणी कधी येणार यावर बोलत असू. एवढ्या भांडवलावर आमचा घरोबा झाला.

आप्पा मूळचे राणीसावरगावकडचे. तरुणपणीच बैलांच्या दलालीत पडले आणि नंतर परभणीत घर केलं. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, दलाली आटली. तरी बाजाराच्या दिवशी आप्पा घरात थांबत नसत. “भाव बघून येतो,” म्हणत. आजारी नातेवाइकाला बघून येतो म्हणावं तसं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगी. तिला त्यांनी जिद्दीने शिकवलं, ती बँकेत अधिकारी झाली, बरोबरच्याच एका मुलाशी तिचं लग्न झालं, आणि बदली होत होत ती गुवाहाटीला जाऊन पोचली. गुवाहाटी कुठे आहे ते दाखवायला मी माझ्या मुलाच्या नकाशात परभणीवर बोट ठेवलं आणि सरकवत सरकवत पार वर कोपऱ्यात नेलं. आप्पा माझ्या बोटाकडे बघत राहिले. म्हणाले, “एवढ्या लांब तर बैलबी कुणी इकत न्हाई.”

मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून बजावलं. तो फोन मी माझ्या कानांनी ऐकला, कारण आप्पा स्पीकर लावल्याशिवाय बोलत नसत आणि स्पीकर लावूनही ओरडतच.

“तुला येता येत न्हाई ना माहेराला? मंग माहेर तुज्याकडं येईल. तुज्या कळा सुरू व्हायच्या आत मी दारात उभा हाय म्हणून समज.”

पलीकडून ती हसली. “आप्पा, बाकी काही आणू नका. तुम्ही या फक्त. तिकीट मी काढते इथून.”

“लेकीच्या पैशानं माहेर जात नसतंय,” आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. “बाबूसाहेब, इमानाचं तिकीट तुमी काढायचं.”

मीच का, तर त्याचं कारण सांगतो. ऑफिसच्या एका प्रशिक्षणासाठी मला एकदा विमानाने दिल्लीला पाठवलं होतं. एकदाच. पण त्या प्रवासाची हकिकत मी गल्लीत इतक्यांदा सांगितली होती की लोकांना मी वैमानिकच वाटायला लागलो होतो. आमची बायको म्हणते, “दोन तास इमानात बसले आन अजून खाली उतरायलेच न्हाईत.” तर गल्लीतला विमानाचा जाणकार म्हणून आप्पा माझ्याकडे आले, आणि मीही ‘बघू की’ म्हणत चष्मा पुसला.

रेल्वेने गुवाहाटी म्हणजे गाड्या बदलत दिवसचे दिवस बसणं. आप्पांच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं. हैदराबादपर्यंत रेल्वेने आणि तिथून स्वस्तातल्या एखाद्या विमानाने, असं ठरलं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या आठवड्यातला एक दिवस धरला. ओट्यावर बसून मी फोनमध्ये गावं टाकली, तारीख टाकली. भाव दिसला. मी वाचणार तेवढ्यात आप्पांनी माझा हात धरला आणि टॉवेल टाकला.

“बोलू नका. दाबा.”

मी एक पंजा आणि एक बोट दाबलं. सहा हजार.

आप्पांनी डोळे मिटले. “पहिला भाव हाय. पहिला भाव इकणाऱ्याचा आसतो, दुसरा दलालाचा, तिसरा घेणाऱ्याचा. थांबा.”

“आप्पा, विमानाचं तिकीट लवकर काढलेलं बरं असतं म्हणतात.”

“आसं इकणारेच म्हणतेत. बाबूसाहेब, मला सांगा, इमान उडालं की रिकामी शीट काय कामाची? बाजार उठायची येळ झाली की बैलवाला घाबरतो. बैल घरी न्यायचा म्हणजे परत वैरण आली. मंग तो बोटं मोडत भाव सोडतो. तसंच हे. दिवस जवळ येऊ द्या, कसा ढिला पडतो बघा.”

तुम्हीच सांगा, यात चूक काय आहे? मला तर हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोघांना मी ते माझं म्हणून समजावून सांगितलं.

त्या आठवड्यात भाव एका बोटाने वाढला.

मग आमची दोघांची झोप गेली. आप्पा सकाळी दूध आणायला निघाले की आमच्या खिडकीतून विचारत, “काय म्हणायलाय?” मी ब्रश तोंडात धरून फोन उघडे. ऑफिसात फायलीच्या आड, जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी भाजी घेताना, माझा अंगठा आपोआप तिकडेच जाई. कधी भाव तासाभरात बदले, कधी दिवसभर ढिम्म. मंगळवारी तिकिटं स्वस्त असतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं, पण आप्पांना मी ते अगदी ठामपणे सांगितलं. मंगळवारी भाव वाढला. मग मी म्हणालो, आपल्या फोनने ओळख धरली असेल, दुसऱ्या फोनवरून बघू. आम्ही न्हाव्याच्या फोनवरून बघितलं, किराणावाल्याच्या फोनवरून बघितलं. त्यांनाही नाद लागला. गल्लीत येणारा-जाणारा विचारू लागला, “आज गुवाहाटी काय भाव?” जणू मोंढ्यात नवीनच एखादा माल आला होता.

एकदा मी आप्पांना पैसे भरायच्या पानापर्यंत नेलं, निदान रीत तरी कळू द्यावी म्हणून. तिथे सामानाचे वेगळे, खिडकीचे वेगळे, खाण्याचे वेगळे पैसे दिसायला लागले. आप्पा एकेक ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बैल एवढ्याला. शिंगं येगळी, शेपूट येगळं. मंग एवढ्याला हाय तरी काय? नुसतं हंबरणं?”

त्यानंतर त्यांनी आपली ठेवणीतली युक्ती काढली. बाजारात सौदा अडला की घेणारा पाठ फिरवून चालू लागतो, आणि खरा विकणारा असेल तर मागून हाक मारतो. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे या एका युक्तीवर त्यांनी आयुष्यभर भाकर खाल्ली. तर त्यांनी मला सगळं भरायला लावलं, नाव, वय, तारीख, आणि पैशाच्या पानावर आल्यावर म्हणाले, “आता बंद करा. फोन खिशात घाला. उठा.”

“कुठे?”

“पाठ दाखवायची. चला.”

आम्ही उठलो आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागलो. फोन माझ्याच खिशात होता, त्यामुळे आम्ही पाठ नेमकी कुणाला दाखवत होतो ते मला विचारू नका. आप्पा ताठ मानेने चालत होते. मी मागे वळून बघायला लागलो तर त्यांनी कोपर मारला. “वळायचं न्हाई! तो बघायलाय.”

चहाच्या गाड्यावर पोचलो आणि माझ्या खिशात फोन वाजला. मी काढून बघितलं. संदेश होता: तुमचा गुवाहाटीचा प्रवास अर्धवट राहिला आहे, थोड्याच जागा शिल्लक आहेत, लगेच या.

आप्पांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “आली का न्हाई हाक? म्हणलं नव्हतं? सगळे इकणारे एकाच आईचे!” त्यांनी गाड्यावरच्या अनोळखी माणसांनाही चहा पाजला. स्पेशल. मग ऐटीत म्हणाले, “आता उघडा. बघू किती उतरला.”

मी उघडलं. आणखी एक बोट वाढलं होतं.

आप्पांना आधी मी चुकीचं वाचलं असं वाटलं. मग त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ त्या आकड्याकडे बघितलं. “हाक मारून भाव वाढवतो? बाजारात कुणी आसं केलं आसतं तर त्याच्या बैलाला लोकांनी हौदावर पाणी पिऊ दिलं नसतं.” जरा वेळाने म्हणाले, “ह्याच्या मागं माणूस कोण हाय?”

“माणूस नसतो आप्पा. मशीन ठरवतं.”

“मशीनला गरज कळती?”

“तेवढीच कळते म्हणतात.”

आप्पा फोन माझ्या हातात देऊन उठले. येताना त्यांनी रस्ता ओलांडताना रिक्षाही बघितली नाही.

मध्ये एका दुपारी भाव उतरला, हे मला सांगितलंच पाहिजे. दोन बोटं खाली. मी ऑफिसातून फोन केला, “आप्पा, उतरलाय! काढू का?” पलीकडे आप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिल्याचा आवाज आला. “उतरला? मंग आता काढायचा न्हाई. उतरणीला लागलेली गाडी कुणी मधीच थांबवतंय का? उद्या आजून उतरंल.” त्या संध्याकाळी ते आमच्याकडे पेढे घेऊन आले. भाव उतरल्याचे पेढे.

दुसऱ्या दिवशी भाव दोन पंजे ओलांडून वर तिसऱ्या पंजात शिरला.

आमच्या बायकोचा संयम तिथे संपला. ती आप्पांबरोबर लेकीला पाठवायच्या लाडवांसाठी डिंक तळत होती. झाऱ्या हातात घेऊनच बाहेर आली.

“आप्पा, पोरगी तिथं वाट बघायलीय आन तुमी दोघं इथं बाजार मांडून बसलाव. काढून टाका ते तिकीट.”

“वैनी, आजून लय दिस हायेत. पहिलारू गाय कधीच येळेवर वेत न्हाई. दिस चढवती. शेकड्यानं बघितल्यात म्या.”

“ती गाय न्हाई, आप्पा.”

“तसं न्हाई म्हणत मी.”

“तसंच म्हणायलाव,” बायको म्हणाली आणि आत गेली. जाता जाता माझ्याकडे एक नजर टाकून गेली. ती नजर शिकलेल्या माणसासाठी राखीव आहे.

मुलीचा फोन रोज येत होता. आधी ती सहज विचारायची, मग सहज विचारेनाशी झाली. एकदा स्पीकरवर तिचा आवाज जरा बारीक आला. “आप्पा, नक्की कधी येताय? इथं आमचं असं कुणी नाही हो. ह्यांना बँकेतून सुट्टी मिळंना. रात्री भीती वाटते मला.”

“तिकीट निघालंच म्हणून समज,” आप्पा म्हणाले. फोन ठेवून ते टॉवेलाने मान पुसत बसले. मी म्हणालो, “काढू या आप्पा, होऊ द्या किती व्हायचे ते.” पैसे त्यांच्याकडे होते, हे मला माहीत होतं. त्यांना ते कमी पडत नव्हते. पण जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांना फसू दिलं नाही, त्याला स्वतः फसून लेकीच्या दारात जायचं नव्हतं. “दोन दिस,” ते म्हणाले. “दोन दिसांत बाजार उठतो बगा.”

बाजार उठला नाही. तारखेला अजून दोन आठवडे असताना आप्पा भरदुपारी माझ्या ऑफिसात आले. विद्यापीठाच्या आवारात ते पूर्वी कधीच आले नव्हते. दारात उभे राहिले, चपला बाहेर काढलेल्या. आमचे साहेब लोक त्यांच्याकडे बघत होते आणि आप्पांना कुणी दिसत नव्हतं.

“पोरीला दवाखान्यात नेलंय,” ते म्हणाले. “काढा.”

मी फोन उघडला. उद्या सकाळचं विमान. भाव दिसला. मी हात पुढे केला, पण आप्पांनी त्यांचा हात पुढे केला नाही. मग मी आकडा तोंडाने सांगितला. पहिल्या दिवशीच्या तिपटीच्या वर. सगळ्या ऑफिसने ऐकला.

“काढा म्हणलं ना.”

मी नाव भरलं, वय भरलं, खिडकी हवी का, खायला हवं का, सगळ्याला नाही म्हणालो. पैसे भरायला गेलो आणि मध्येच पान थांबलं. वर आलं: भाव बदलला आहे, नवीन भाव मान्य आहे का? आम्ही तिथे बसलेलो असताना, पैसे हातात घेऊन, तो आणखी वाढला होता. मी मान वर करून आप्पांकडे बघितलं.

“मान्य म्हणा,” ते म्हणाले. “ते जे म्हणंल ते मान्य म्हणा.”

हैदराबादच्या गाडीत त्यांना बसवून दिलं. बायकोने लाडवांचा डबा दिला. गाडी सुटेपर्यंत आप्पा डब्यात बसले नाहीत. दारातून खिडकीशी, खिडकीतून दाराशी. खाली उतरून त्यांनी एकदा इंजिनाकडेही जाऊन बघितलं. तिथे त्यांना काय बघायचं होतं, देव जाणे.

गाडी जाऊन फार वेळ झाला नसेल, जावयांचा फोन माझ्याच फोनवर आला. आप्पांचा लागत नव्हता. मुलगी झाली होती. आई आणि बाळ दोघी ठीक.

त्यानंतरची माझी संध्याकाळ कशी गेली ते सांगता येत नाही. आनंदाची बातमी खिशात घेऊन मी घरातल्या घरात फेऱ्या मारत होतो, आणि ज्याची बातमी तो कुठल्या तरी रेंज नसलेल्या रानातून चालला होता. मी नंबर लावत राहिलो. हैदराबादला उतरल्यावर तो लागला.

“आप्पा, नात झाली.”

पलीकडून नुसता स्टेशनचा गलका ऐकू येत होता. मग, “धड हाय का?”

“दोघी धड आहेत.”

“बाबूसाहेब, हे तिकीट वापस घेतेत का?”

पैशासाठी ते विचारत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं. “का, आप्पा?”

“कळा सुरू व्हायच्या आत दारात आसतो म्हणलं होतं मी. आता कोणत्या तोंडानं दार वाजवू? तोंड दाखवावं वाटंना.”

मी म्हणालो, “आप्पा, हे तिकीट एकदा काढलं की परत घेत नाहीत. पैही मिळत नाही.” त्या विमान कंपनीच्या इतक्या खोडींमधली ही एकच खोड आमच्या उपयोगाला आली.

“पैबी न्हाई?”

“पैही नाही.”

“मंग जावंच लागंल,” आप्पा म्हणाले.

तिकडून त्यांचा फोन यायला चार-पाच दिवस लागले. आवाज पहिल्यांदाच हळू होता. नात कशी आहे, कुणावर गेली, केस किती आहेत, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, “पोरगी पहिल्या दिशी बोललीच न्हाई. दुसऱ्या दिशी म्हणली, ‘आई आसती तर पहिल्याच भावाला आली आसती.’”

मी म्हणालो, “बाळंतीण आहे आप्पा. बोलून गेली असेल.”

“खरं बोलली. तिच्या आईला भाव करायचा येतच नव्हता. मी बाजारातून आलो की ती ‘किती मिळाले’ आसं कधी इचारायची न्हाई. ‘कधी जेवलाव’ आसं इचारायची.”

पंधरा दिवसांसाठी गेलेले आप्पा महिना झाला तरी आले नाहीत. मग मुलीची सुट्टी संपत आली, बाळाला सांभाळायला बाई बघायची चर्चा झाली, आणि ती चर्चा आप्पांनी मोडून काढली. परतीच्या तिकिटाचं काम मात्र माझ्याकडे देऊन ठेवलेलं. मी विचारलं की म्हणत, “यायला उशीर केला ना, आता जायला बी करतो.”

गल्लीत त्यांचा ओटा रिकामा आहे. त्यावर आता दुपारी एक कुत्रं झोपतं. बाजाराच्या दिवशी राणीसावरगावकडून आलेले एक-दोन म्हातारे कुलूप बघून आमच्या दारात चौकशी करतात, “दलाल कुठं गेला?” मी गुवाहाटी म्हणतो. ते मान हलवतात आणि, मला वाटतं, तो गंगाखेडच्या पुढे कुठेतरी असावा असं समजून जातात.

माझा अंगठा अजून सुधारलेला नाही. सकाळी, जेवणाच्या सुट्टीत, भाजी घेताना मी गुवाहाटी ते हैदराबाद बघतच असतो. बायकोने नाद सोडून दिलाय. ती एवढंच विचारते, “आज कुणाच्या बापाला आणायलाव?”

परवा भाव एकदम पडला. इतका खाली मी तो कधीच बघितला नव्हता; आप्पांनी मला जो पहिला भाव घेऊ दिला नव्हता, त्याच्याही खाली. ऑफिसात मी खुर्चीवरून उठलो, व्हरांड्यात आलो आणि फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

“आप्पा!” मी ओरडलोच. “आपटलाय भाव! सगळे पैसे धरून पहिल्या भावाच्या निम्म्यात बसतंय! काढू का?”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मी पुन्हा ओरडणार तेवढ्यात आप्पांची कुजबुज आली.

“हळू बोला की, बाबूसाहेब. आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.